बघू आणि बघा

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे काका म्हणायचे आणि पाठ वळली की बघूकाका. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याची नजर तयार होती. कारण चौतीस वर्षं बिजागऱ्यांचा धंदा केलेल्या या माणसानं कुठल्याही प्रश्नाला सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हटल्याचं ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता. काका, पत्रा संपत आला. बघू. काका, मशीन पुन्हा अडलं. बघू. काका, बहिणीचं लग्न आहे, आठ दिवस सुट्टी हवी. बघू.

नव्या माणसाला वाटायचं, काय हा टोलवाटोलवीचा कारभार! मग जुनी माणसं त्याला बाजूला घेऊन शिकवायची. अरे बाबा, नुसता शब्द ऐकू नकोस, बघू चार प्रकारचं असतं. पहिलं तुटक, मान वर न करता. म्हणजे नाही, पुन्हा विचारायला येऊ नकोस. दुसरं हनुवटी खाजवत लांबवलेलं, बघूऽऽ. म्हणजे हे मी माझ्या अंगावर घेतलं, तू खुशाल घरी जा. तिसरं जोडीनं येतं, बघू बघू. म्हणजे काम होणार, पण आठवडाभर माझ्यामागे भुणभुण लावायची नाही. आणि चौथं, बघू हं. हे फार क्वचित यायचं. ते म्हणताना काका समोरच्याकडे बघायचेच नाहीत, हाताला लागेल ती वस्तू उचलून पुसत बसायचे. म्हणजे हे काही या जन्मात व्हायचं नाही, पण तुझ्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती होत नाही. चौथं ज्याच्या वाट्याला आलं तो मुकाट उठून जायचा.

धंदा म्हणाल तर साधा. पत्र्याच्या पट्टीला भोकं पाडायची, एक कड वळवून तिची नळी करायची, अशा दोन पट्ट्या एकमेकींत बसवून मधून पिन सारायची, झाली बिजागरी. दाराला लावली की माणूस तिला विसरतो, आठवण येते ती कुरकुरायला लागल्यावर. काकांचा सगळा तोरा त्यातच होता. आपण केलेली वस्तू कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

वास्तविक हा तोरा मिरवायचा हक्क मिस्त्रींचा. मशीनमधून निघालेला सगळा माल शेवटी त्यांच्याकडे यायचा, जुळणीच्या टेबलावर. खिडकीखाली लांबच लांब लाकडी टेबल, तेलानं काळं पडलेलं. तिथं मिस्त्री आणि त्यांनी तयार केलेल्या पाच बायका बसायच्या. एकेक बिजागरी कानाशी धरायची, उघडायची, मिटायची. आवाज केला तर बाजूला. हात सोडल्यावर लटकन पडली तरी बाजूला. सोडली तिथं थांबली तर मिस्त्री मान हलवायचे आणि म्हणायचे, "हिनं दम धरलाय." मिस्त्री काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, तरी तेही काकाच म्हणायचे. आणि काकांनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही.

त्याला कारण होतं. काका मूळचे फिरते विक्रेते. दुसऱ्याच्या बिजागऱ्या पिशवीत घालून दुकानं पालथी घालायचे. स्वतःचं काहीतरी सुरू करावं असं डोक्यात आलं तेव्हा हातात कसब शून्य, जवळ होती फक्त जीभ. त्या जिभेच्या जोरावर त्यांनी मिस्त्रींना त्यांच्या आधीच्या मालकाकडून फोडून आणलं. "मिस्त्री, मी आहे तोवर तुमचं टेबल तुमचं. त्याला कोणी बोट लावणार नाही." मिस्त्री आले. पहिली दोन हजार नगांची ऑर्डर निघाली ती इतकी घट्ट, की दार उघडायला दोघं लागले असते. काका डोक्याला हात लावून बसले. मिस्त्रींनी चार दिवस एकेक बिजागरी कानसेनं घासली आणि पाचव्या दिवशी माल बाहेर पडला. तो पडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

वर्षं गेली. लेक शिकून आली, कारखान्यात बसायला लागली, आणि तिनं सोमवारची मीटिंग सुरू केली. त्यासाठी माडीवर लाकडी चौकटीत काचा बसवून खोली केली. तिला सगळे 'काच' म्हणायचे. सोमवारी काचेत कोण कोण आहे, काचेत काय ठरलं, अशी बोलायची पद्धतच पडली. खोलीचं दार मात्र काकांनी हौसेनं त्या पहिल्या दोन हजारांतून राखून ठेवलेल्या तीन बिजागऱ्यांवर टांगलं होतं. ते दार कधी कुरकुरलं नाही.

दारं बनवणारी एक मोठी कंपनी कारखाना विकत घ्यायला तयार झाली तेव्हा काकांचे गुडघे बोलायला लागले होते. लेक म्हणाली, "बाबा, आता एकट्यानं रेटण्यासारखं राहिलं नाही. कारखाना त्यांचा होईल, पण चालवायला मीच राहीन." काकांनी हनुवटी खाजवली. बघूऽऽ म्हणाले. फक्त एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरून ठेवली, की बाकी काय वाटेल ते होवो, जुळणीचं टेबल राहिलं पाहिजे. मिस्त्रींना दिलेला शब्द आपल्या हयातीत मोडायचा नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. बोलायची काय गरज, सगळ्यांना ती कळणारच, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आयुष्यभर ज्याच्या एका शब्दाचे लोक चार अर्थ लावत आले, त्याला असंच वाटणार.

मग लेकीनं एक सल्लागार आणला. टाय लावायचा, हळू बोलायचा, आणि बोलताना समोरच्याचं नाव घ्यायचा. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, पहिल्याच भेटीत त्याचं नाव 'उंटावरचा' ठेवलं. "आले का तुमचे उंटावरचे?" असं त्या त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायच्या.

उंटावरचा एका सोमवारी काचेत कोपऱ्यात बसला आणि वहीत रेघा मारत राहिला. मीटिंग संपल्यावर त्यानं वही काकांसमोर धरली.

"काका, राग मानू नका. दोन तासांत तुम्ही एक्केचाळीस वेळा बघू म्हणालात."

"मग? कामं होतात ना?"

"होतात. पण ती सगळी तुम्ही करता. बाकीचे सातजण नुसत्या माना डोलवतात. घेणारा कारखाना घेईल, तुमचं डोकं थोडंच घेणार आहे? त्याला दिसलं पाहिजे, की तुम्ही नसलात तरी सोमवार पार पडतो."

त्यानं सहा महिन्यांचा बेत आखून दिला. पहिला महिना मीटिंगमध्ये बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. दुसरा महिना अर्ध्यातून उठायचं. तिसऱ्या महिन्यापासून सोमवारी काचेकडे फिरकायचंसुद्धा नाही. शेवटच्या महिन्यात घेणाऱ्यांची माणसं येऊन बसतील, तेव्हा तर नाहीच नाही.

"आणि जिन्यात, दारात कुणी गाठून काही विचारलंच," उंटावरचा म्हणाला, "तर बघू म्हणायचं नाही. बघा म्हणायचं."

"बघा?"

"बघा. तुम्हीच बघा. एका अक्षराचा तर फरक आहे."

एका अक्षराचा! ऐका आता. अहो, बघू म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर आणि बघा म्हणजे ते तुमच्या. शिवाय वडीलधाऱ्यानं नुसतं 'बघा' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. रुसलेली सासू बघा म्हणते, वैतागलेला मास्तर बघा म्हणतो, हात झटकून निघालेला सोयरा बघा म्हणतो. हे त्या टायवाल्याला कोण समजावणार? पण काकांना तरी कळायला हवं होतं की नाही? जन्म गेला त्यांचा त्या एका शब्दावर.

पहिल्या महिन्यात काका ओठ आवळून बसले. पहिल्या सोमवारी त्यांनी समोरच्या कागदावर एकोणीस बिजागऱ्या काढल्या. घरी बघाचा सराव सुरू झाला. काकू म्हणाल्या, "नळ ठिबकतोय सकाळपासून." काका म्हणाले, "बघा."

"बघा म्हणजे? मी काय तुमच्या कारखान्यात कामाला आहे?"

"अगं, सराव करतोय."

"तो उंटावर बसून करा. आधी नळ बघा."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्यापासून काका सोमवारी खालच्या ऑफिसात एकटेच बसायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी फोन समोर ओढून ठेवला. खरं सांगायचं तर त्यांची खात्री होती, की अर्ध्या तासात वरून बोलावणं येणार. घोडं कुठंतरी अडणारच. मग आपण सावकाश जिना चढायचा, हनुवटी खाजवायची, आणि उंटावरच्याचं तोंड बघायचं. फोन वाजला नाही. जी मीटिंग काकांच्या काळात दोन-अडीच तास चालायची ती पन्नास मिनिटांत उरकली. आणि मधे एकदा वरून हसण्याचा आवाज आला. काकांच्या मीटिंगमध्ये कुणी कधी हसलं नव्हतं. ते हसणं त्यांना चपराक बसावी तसं लागलं.

पुढच्या आठवड्यात ते काही निमित्तानं वर गेले, तर त्यांची खुर्ची खिडकीपाशी सरकवलेली होती आणि तिच्यावर नमुन्यांची खोकी रचलेली. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. जागा रिकामी होती, खोकी ठेवली, इतकंच. त्याचाच जास्त राग आला.

पत्रा वेळेवर येत राहिला. मशीन अडलं आणि सुटलं. लग्नांसाठी सुट्ट्या मिळाल्या, त्याही तिथल्या तिथं, हो म्हणून. लोक खूष होते. संध्याकाळी काकू विचारायच्या, "आज काय अडलं?"

"काही नाही."

"बरं झालं की मग. तोंड असं का?"

"असंच आहे माझं तोंड."

महिनाभरात सगळं कोसळेल असं वाटलेला माणूस दोन महिन्यांनी काय करतो? दुसऱ्या टोकाला जातो. काकांना आता बघाची गोडी लागली. जिन्यात कुणी भेटलं की तेच हौसेनं म्हणायचे, बघा तुम्ही! एखादं जड पोतं दुसऱ्याच्या पाठीवर द्यावं आणि वर पाठीवर थापही मारावी, तसं. उंटावरचा म्हणाला, "काका, तुम्ही फार लवकर शिकलात." काकांना ते कौतुक आवडलं. बघूकाकांना बघा म्हणता यायला लागलं, यात कौतुक वाटण्यासारखं काय होतं ते देव जाणे!

शेवटच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी जिन्यातल्या फळ्यावर सोमवारचे विषय लागले. चौथा विषय: जुळणी विभाग. घेणाऱ्यांकडे बिजागऱ्या तपासायचं मशीन होतं. ते ठेवायला खिडकीखालची जागा हवी होती. त्यांची दोन माणसं त्या सोमवारी काचेत बसणार होती.

काकांनी फळा वाचला आणि पुन्हा वाचला. लेक काहीतरी करेल, त्यांनी मनाला समजावलं. तिला माहीत आहे. लहानपणी त्याच टेबलाखाली बसून खेळली ती.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी त्यांना जिन्यात गाठलं. चौतीस वर्षांत या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मागताना कुठं बघायचं हेही त्यांना कळत नव्हतं.

"काका, सोमवारी काचेत माझ्या टेबलाचा विषय आहे म्हणे."

"हो. वाचलं मी."

"मला वर बोलावलंय. मी काय बोलणार? मला कानानं कळतं, तोंडानं सांगता येत नाही. आणि त्या पाचजणींनाही माझ्याच भरवशावर इथं ठेवलंय. तुम्ही जरा..."

काकांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. लांबवलेलं दुसरं बघू घशापर्यंत आलंसुद्धा होतं. तेवढ्यात वरून बुटांचा आवाज आला. उंटावरचा बॅग घेऊन जिना उतरत होता. त्यानं काकांकडे बघून ओळखीचं हसू केलं. काकांचा हात खाली आला.

"बघा, मिस्त्री," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

रविवारी सकाळी लेक चहाचा कप घेऊन समोर बसली. "बाबा, उद्याच्या चौथ्या विषयाचं काय करायचं? तुमचं काय म्हणणं आहे?"

आता इथं सांगून टाकायला काय हरकत होती? घर होतं, स्वतःची लेक होती, उंटावरचा जवळपास नव्हता. पण काकांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. आपण सांगितलं आणि तिनं केलं, तर ते पुन्हा आपलंच झालं. तिनं आपण होऊन टेबल वाचवावं, म्हणजे शब्द राहील, व्यवहारही होईल, आणि आपल्याला एक अक्षर बोलायला लागणार नाही. असं सगळं फुकटात हवं होतं त्यांना.

"बघा," काका म्हणाले. "तुम्ही सगळे मिळून बघा."

लेकीनं भुवया उंचावल्या. "बरं," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली.

सोमवारी काकांचं मन काही खाली लागेना. बराच वेळ ते चष्मा काढत आणि पुन्हा डोळ्यांवर चढवत राहिले. मग वर एक कागद राहिलाय असं स्वतःलाच सांगून ते जिना चढले.

काचेत सगळी बसली होती. मिस्त्री एकटे उभे होते. त्यांच्या हातात बिजागरी होती आणि ती त्यांनी घेणाऱ्यांच्या एका माणसाच्या कानाशी धरली होती. उघडत होते, मिटत होते. तो माणूस सभ्यपणे हसत होता. दुसरा फोनमध्ये काहीतरी बघत होता. मिस्त्रींचे ओठ हलत होते, पण बाहेर ऐकू येत नव्हतं. बहुतेक दम धरण्याबद्दल सांगत असावेत. सल्लागार घड्याळाकडे बघत होता. लेकीची मान खाली होती.

काकांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

नुसतं ढकलायचं होतं. कुरकुर न करणारं दार ते, आत शिरेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. भाषण करायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. हनुवटी खाजवून एक शब्द बोलायचा होता, जो ते रोज चाळीस वेळा बोलत आले होते. पण घेणाऱ्यांची माणसं बसली होती. सहा महिन्यांतला शेवटचा महिना होता. आत्ता आत गेलो तर सगळे म्हणणार, बघा, हा म्हातारा अजून सुटलेला नाही. आणि मग कदाचित व्यवहार फिसकटेल, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, गुडघ्यांसकट.

तेवढ्यात मिस्त्रींनी वर बघितलं. काचेतून सरळ काकांकडे.

काकांनी मुठीवरचा हात काढला. डोळ्यांवरचा चष्मा उतरवला आणि मान खाली घालून तो सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. पुसत पुसतच ते वळले आणि जिना उतरले. स्वच्छ होता हो चष्मा.

मंगळवारी मिस्त्री आले नाहीत. पाचजणींपैकी एकीबरोबर त्यांनी आपल्या खणाची किल्ली पाठवली होती. त्यांच्यासाठी छापलेलं आभाराचं पत्र चौकटीत बसून तयार झालं तेव्हा द्यायला माणूस नव्हता. आठवड्याभरात टेबल उचललं. दारातून निघेना, तेव्हा मधोमध कापलं. बायकांना मालाच्या पॅकिंगला घेतलं. त्यांतल्या दोघी पंधरा दिवसांत सोडून गेल्या.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी त्यांनी लेकीला धरलं. "तुला लाज नाही वाटली? त्याच टेबलाखाली खेळलीस ना तू?"

लेक समोर येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. इथंच बसून."

"मग? तुला कळायला नको?"

"काय कळायला हवं होतं? तुम्ही बघा म्हणालात. घरात मला कधी अहो-जाहो करता का? त्या दिवशी केलंत. मला वाटलं, तुम्हाला मान्य आहे, पण स्वतःच्या तोंडून म्हणवत नाही. नसतं मान्य तर तुम्ही बघू म्हणाला असता. मी रात्रभर वाट बघितली, की सकाळी तरी म्हणाल. अहो, एकदा बघू म्हणाला असता तर मी त्या दोघांना जिन्यावरून परत पाठवलं असतं."

तिचे डोळे भरले होते. काकांना वाटलं, आता हिनं ओरडावं. ती ओरडली नाही. ती दुसऱ्या खोलीत गेली. काकू दारात उभ्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत, आणि काकू काही बोलल्या नाहीत म्हणजे किती झालं ते समजून घ्या.

व्यवहार ठरल्या दिवशी झाला. सह्या झाल्यावर घेणाऱ्यांच्या साहेबांनी काकांचा हात हातात घेऊन म्हटलं, "इतका सुरळीत कारखाना आम्ही क्वचित बघितलाय. तुमच्यावाचून इथं काहीच अडत नाही." हे सर्वांत मोठं कौतुक होतं, आणि ते काकांनी आभार मानून घेतलं.

त्यानंतर चार महिने काका घरात होते. ठिबकणारा नळ, अडकणारी खिडकी, सगळ्याला पुन्हा बघू म्हणायला लागले होते, पण आता त्यांच्या बघूचे प्रकार राहिले नव्हते. कुठलंही बघू म्हणजे काहीच नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी कपडे केले आणि ते मिस्त्रींच्या घरी निघाले. काकूंना सांगितलं, "मिस्त्रींकडे जाऊन येतो." काकू म्हणाल्या, "आता सुचलं?"

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. काका धापा टाकत वर पोचले. दार आवाज न करता उघडलं. खिडकीपाशी एक स्टूल होतं, त्यावर कुणाच्या तरी दाराचं कुलूप सुटं करून ठेवलेलं. मिस्त्री शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामं करत होते. "या काका," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची पुसून दिली. सुनेनं चहा आणला. गुडघ्यांचं झालं, हवेचं झालं.

मग काका म्हणाले, "मिस्त्री, त्या सोमवारी..."

"काचेतून दिसलात मला."

"मी आत येणार होतो."

"हो," मिस्त्री म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काकांनी चहा संपवला आणि मनात घोळवून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. एक खोली बघितली आहे. तळमजल्यावर, खिडकी मोठी. करारात बिजागऱ्या करायच्या नाहीत असं आहे, पण कड्या-कोयंड्यांना कुणाची ना आहे? टेबल नवं करून घेऊ, तुम्ही सांगाल त्या मापाचं. त्या दोघींना परत बोलावू. मीटिंग नाही, काच नाही, टायवाले नाहीत. पहिल्यासारखे आपण दोघं. "मला काम नको आहे हो, मिस्त्री. मी नुसता बसेन तिथं. तुम्ही म्हणाल ते करीन." चौतीस वर्षांत ते पहिल्यांदाच मिस्त्रींकडे काही मागत होते, आणि कुठं बघावं ते त्यांनाही कळत नव्हतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग स्टुलावरची छोटी कानस उचलली आणि मान खाली घालून ती सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले.

"बघू हं, काका," ते म्हणाले.

काका मुकाट उठले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी चपला काढल्या, आतून पाणी घेतलं, खुर्चीत बसले. काकूंनी विचारलं, "काय म्हणाले मिस्त्री?"

"बघू म्हणाले."

काकूंचा चेहरा जरा उजळला. त्या जवळ आल्या. "कुठलं बघू?"

काकांनी भांडं खाली ठेवलं.

"चौथं," ते म्हणाले.